कप्प्याला कुलूप हवं, पण चोरासाठी नाही

घरची गाडी अंगणात उभी असेल तर आत्ता जा आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचा कप्पा उघडून पाहा. मी पैज लावतो, आत काय आहे हे तुम्हाला आधी सांगता येणार नाही. संपलेली पीयूसी, दोन वर्षांपूर्वीची विम्याची पावती, कुठल्या तरी लग्नातली सुपारी, वितळून कागदाला चिकटलेलं चॉकलेट, फास्टॅग नव्हता त्या काळातली टोलची चिल्लर आणि तळाशी आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. आरसी बुकही तिथंच. कधी कधी तर गाडीची दुसरी चावीसुद्धा! घरातलं कपाट आपण कुलूप लावून ठेवतो आणि हे चाकावरचं कपाट मात्र बोटानं खटका दाबला की कोणालाही उघडतं.

गंमत बघा. तुम्ही कॉलेजात नेता ती स्कूटी गाडीच्या मानानं कितीतरी स्वस्त. पण तिच्या सीटखालची डिकी चावीशिवाय उघडत नाही. फार मागे कशाला, आपल्या आजोबांच्या पिढीची चेतक घ्या. ज्या बजाज कुटुंबाची मूळ पेढी आपल्या वर्ध्याची, त्यांच्या कंपनीनं ही स्कूटर 1972 मध्ये आणली. तिलाही चावीनं बंद होणारी डिकी होती. आणि पाच-सहा लाखांच्या चारचाकीला? अनेक लहान गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये कप्प्याला कुलूप नसतं, ते वरच्या मॉडेलमध्ये मिळतं. 2009 साली आलेल्या नॅनोच्या पहिल्या गाड्यांत तर झाकणवाला कप्पाच नव्हता, समोर उघडी फळी होती. कंपनी एकेक रुपया वाचवते हे समजू शकतं. पण आपण सेकंडहँड गाडी घेतल्यावर सीट कव्हर घालतो, म्युझिक सिस्टिम बसवतो, मागच्या काचेवर नाव रंगवतो आणि दीडशे रुपयांच्या कुलपाचा विचार आपल्या मनातही येत नाही. तो यावा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. त्याचं कारण मात्र तुम्हाला वाटतं ते नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. गेल्याच्या गेल्या हंगामात बाबांनी हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकला. चुकाऱ्यातले बरेचसे पैसे खात्यात गेले, चौदा हजार रोख मिळाले. ते त्यांनी पाकिटात घालून कप्प्यात ठेवले. वाटेत गाडी धुवायला एका वॉशिंग सेंटरवर थांबले, शेजारच्या टपरीवर चहा घेतला आणि घरी आले. घरी येऊन कप्पा उघडला तर पाकीट नाही. गाडीत शिरलेला एकच माणूस त्यांना आठवत होता, आतून व्हॅक्यूम मारणारा पोरगा. तुमच्याच वयाचा. सकाळी कॉलेज, दुपारी ही नोकरी.

बाबा परत गेले. आवाज चढवला नाही म्हणतात, पण मालकासमोर विचारलं. मालकानं त्या पोराचे खिसे तपासले, बॅग रिकामी करायला लावली. काही सापडलं नाही. पोलिसांत तक्रार केली नाही, कारण पुरावा नव्हता. पण पोरगा दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. तो स्वतः गेला की मालकानं काढलं, ते आम्ही विचारलंही नाही. आमच्या घरी चार दिवस 'आजकालची पोरं' या विषयावर चर्चा झाली. मीही त्या आजकालच्या पोरांतलाच, तरी मान डोलावली.

त्यानंतर बाबांनी ठरवलं की कप्प्याला लॉक बसवायचं. ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्यानं झाकण पूर्ण उघडलं, दोन्ही बाजू आतल्या अंगाला दाबल्या आणि अख्खा कप्पा खाली झुकवून काढून हातात घेतला. बऱ्याच गाड्यांत तो असाच निघतो, कारण त्याच्या मागे एसीचा फिल्टर असतो आणि तो बदलायला जागा लागते. कप्पा निघाला आणि फिल्टरच्या झाकणापाशी, वायरींच्या मधे अडकलेलं पाकीट खाली पडलं. चौदा हजार. एक नोट कमी नाही. कप्पा ठासून भरलेला असला की वरचे कागद मागच्या फटीतून पलीकडे सरकतात. मेकॅनिक म्हणाला, "असं लय वेळा होते काका. माह्याकडे तं एकाचं लायसन तीन वर्षांनी निघालं होतं."

बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ पाकीट नुसतं हातात धरून उभे होते. मग लॉक बसवायचं राहू दे म्हणाले आणि सरळ वॉशिंग सेंटरवर गेले. पोरगा बुटीबोरीला कुठल्याशा कंपनीत लागला होता. मालकाकडून नंबर घेऊन बाबांनी फोन केला, सगळं सांगितलं, चुकलं म्हणाले. तो म्हणाला, "ठीक आहे काका," आणि फोन ठेवला. कॉलेजचं काय झालं, हे विचारायचा धीर बाबांना झाला नाही.

लॉक आम्ही पुढच्या आठवड्यात बसवलं. मला इथं जे म्हणायचं आहे ते त्या दोन आठवड्यांत डोक्यात बसलं. कप्प्याचं कुलूप चोराला अडवत नाही. ज्याला चोरी करायची तो काच फोडेल, पेचकस घालून झाकण उचकटेल, नाहीतर मेकॅनिकनं केलं तसं दोन्ही बाजू दाबून कप्पाच उपटेल. ही बारकी कुलपं आतून अगदी साधी असतात, चार-पाच पातळ पत्र्यांचा खेळ. पण गाडी धुणारा, सर्व्हिसिंगला नेणारा, लग्नात पार्किंगला लावणारा, शेजारचा दादा, मावसभाऊ, आठवड्यातून दोनदा बोलावलेला ड्रायव्हर, या सगळ्यांना ते कुलूप संशयापासून वाचवतं. पैसे हरवले की आपण कोणाकडे बघतो, आठवून पाहा. गाडीत जो सगळ्यात गरीब माणूस बसला होता त्याच्याकडे. आमच्या गाडीत त्या दिवशी माझा आतेभाऊही बसून गेला होता. त्याचं नाव कोणाच्याही तोंडी आलं नाही.

यावर कोणी म्हणेल, सेवाग्राम आठ किलोमीटरवर आहे आणि तुम्ही कुलपाचं कौतुक सांगता! खरं आहे. इथं शिकणाऱ्यांना गांधी चुकत नाहीत. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला की सुरुवातीचे दिवस आश्रमात राहावंच लागतं. 1909 साली लंडनहून आफ्रिकेला परत जाताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिलं, त्यात घरात शिरलेल्या चोराचं काय करायचं याची चर्चा आहे. त्यांचं म्हणणं असं की दारंखिडक्या उघड्या ठेवा, वस्तू त्याला सहज मिळतील अशा ठेवा, एक दिवस तोच गोंधळेल आणि बदलेल. योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या मोटार शर्यतीत भाग घेणाऱ्या बाईचं 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक निघालं. सीटखालच्या खणात हातमोजे आणि बारीकसारीक सामान ठेवा, असं तिनं गाडी चालवणाऱ्या बायकांना सांगितलं. एकट्या बाईनं पिस्तूलही जवळ बाळगावं, हासुद्धा तिचाच सल्ला. एक म्हणतो दार उघडं ठेवा, दुसरी म्हणते पिस्तूल ठेवा! (हातमोज्यांचं म्हणाल तर मे महिन्यात वर्ध्यात ते फक्त स्कूटीवरच्या मुली घालतात, तेही उन्हासाठी.)

मी गांधीजींच्या वाक्याशी वाद घालत नाही. उघडं दार ठेवायचं तर वस्तू गेल्यावर कोणावर संशय घ्यायचा नाही, ही त्या उघडेपणाची अट आहे. ती पाळायची तयारी असेल तर खुशाल कप्पा उघडा ठेवा. आमच्या घरात ती तयारी नव्हती. तुमच्या घरात आहे का, ते तुम्ही बघा. आपण अर्धेच गांधी घेतो. दार उघडं ठेवतो आणि पैसे गेले की पोराचे खिसे तपासतो.

वर्ध्यात आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या वयाच्या लोकांना जास्त लागू आहे. आपल्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला, नागपूरला, यवतमाळला, 'भाऊ दोन दिवस गाडी दे ना' असं म्हणून गाडी जाते आणि परत येते. कप्प्यात काय परत आलं, हे तुम्ही बघता? नाकाबंदीत गाडी थांबली आणि आत अर्धी बाटली निघाली तर पोलीस आधी गाडी कोण चालवतंय ते विचारतात. दारू वाहून नेणारी गाडी जप्तही होऊ शकते. बाबांच्या नावावरची गाडी सोडवायला कोर्टाच्या चकरा मारणारी घरं तुमच्याही ओळखीत असतील. गाडी देताना कप्पा बंद करून त्याची किल्ली आपल्याकडे ठेवली तर निदान ती एक जागा तरी तुमच्या हातात राहते.

पण इथं एक उलटी बाजूही आहे आणि ती लपवून कुलुपाची जाहिरात करणं मला जमणार नाही. उघड्या कप्प्यात काही सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायला जागा असते. किल्ली तुमच्या खिशात आणि वस्तू कुलपात, मग ते कोण ऐकेल? म्हणून कुलूप बसवलं की कप्प्यात काय आहे याची जबाबदारीही तुमची. कोणाचं 'जरा ठेव ना तुझ्या गाडीत' ऐकायचं नाही. जिवलग मित्राचंही नाही.

आता आत काय ठेवायचं ते. माझं मत विचाराल तर शक्य तितकं कमी. मूळ आरसी, मूळ लायसन्स गाडीत ठेवायची सवय आता सोडा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरा, असं केंद्र सरकारनं 2018 मध्येच राज्यांना कळवलं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मोबाइलच्या गॅलरीतला आरसीचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. ॲपमध्ये सरकारी नोंदीतून उतरवून घेतलेली प्रतच चालते. समृद्धी महामार्गावर रेंज गेली म्हणून अडायला नको, तर घरून निघतानाच ती उघडून ठेवा. गाडी चोरीला गेली आणि आत मूळ आरसीही असेल तर चोराचं अर्धं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

दुसरी चावी कप्प्यात ठेवणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, ती आजच बाहेर काढा. गाडी चोरीचा दावा केला की विमा कंपनी बहुतेक वेळा दोन्ही चाव्या मागते. एक चावी गाडीबरोबरच गेली म्हटल्यावर पुढचे प्रश्न काय येतील ते तुम्हीच ओळखा. आणखी एक गैरसमज असतो, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे म्हणजे आतली वस्तू गेली तरी भरपाई मिळेल. नाही मिळत. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत तुमचा लॅपटॉप, मोबाइल, पर्स येत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे भरून वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्यातही रोख रक्कम साधारणपणे वगळलेलीच असते. म्हणजे बाबांचे चौदा हजार खरंच चोरीला गेले असते, तरी एक रुपया मिळाला नसता.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीत पंचेचाळीसच्या आसपास पारा जातो. बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. त्या कप्प्यात पॉवर बँक, डिओडरंटचा डबा, लायटर कुलूप लावून ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. आजीचं इन्सुलिन तिथं ठेवून लग्नाला गेलात तर ते कामातून गेलं समजा. कुलूप आहे म्हणून वस्तू सुरक्षित, असं उन्हाला कळत नाही.

मग उरतं काय? गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स, थोडे सुटे पैसे, प्रथमोपचाराची पट्टी, टॉर्च, सॅनिटरी पॅड. आणि हो, घरातल्या प्रत्येकाची एखादी खासगी गोष्ट. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. एका गाडीत पाच माणसं फिरतात आणि त्यातल्या मुलीला स्वतःची म्हणावी अशी एक वीतभर जागा नसते. माझ्या बहिणीनं मुलाखतीचं पत्र त्या कप्प्यात चार दिवस कुलपात ठेवलं होतं, कारण पुण्याला जायचं हे घरात कसं सांगायचं ते तिचं ठरत नव्हतं. किल्ली तिनं माझ्याकडे मागितली आणि मी कशाला ते विचारलं नाही.

आता बसवायचं कसं. पहिली चौकशी स्पेअर पार्टच्या काउंटरवर करा. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कुलुपाचा खटका येत असेल तर बऱ्याचदा तोच तुमच्या झाकणातही बसतो. काही झाकणांवर आतल्या बाजूनं कुलपाच्या जागेची गोल खूणही दिसते. चेसिस नंबर सांगितला की काउंटरवाला बरोबर भाग शोधून देतो. हा मार्ग थोडा महाग, पण भोक पाडायची कटकट नाही. त्याची किल्ली मात्र वेगळी येते. गाडीच्याच चावीनं उघडावं असा हट्ट असेल तर चांगला किल्लीवाला आतल्या पत्र्या बदलून पाहू शकतो. प्रत्येक गाडीत ते जमतंच असं नाही.

तो भाग मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात ऑफिसच्या ड्रॉवरला लावतात ते लॉक घ्या, ज्याची मागची पट्टी किल्लीबरोबर फिरते. आम्ही तेच बसवलं. लॉक दीडशेचं, मजुरी तीनशे. भोक पाडण्याआधी कप्पा बाहेर काढून घ्या आणि ती फिरणारी पट्टी डॅशबोर्डच्या कोणत्या कडेमागे अडकणार ते पेन्सिलनं आखा. हेच सगळ्यात महत्त्वाचं. कड नुसत्या पातळ प्लास्टिकची असेल तर तिच्यामागे पत्र्याचा छोटा तुकडा स्क्रूनं बसवावा लागतो, नाहीतर जोरात ओढलं की कडच वाकते. झाकण दोन थरांचं आणि मधे पोकळ असतं, म्हणून दोन्ही बाजूंना वायसर हवा. ड्रिल हळू चालवायला सांगा. वेग वाढवला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोकाची कड फुगते. आमच्या मेकॅनिकनं पहिलं भोक एका भंगारातल्या झाकणावर पाडून बघितलं, तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

एका गोष्टीत मात्र घाई नको. गाडीत पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग असेल तर ती त्या कप्प्याच्या वरच डॅशबोर्डात असते, आणि अलीकडच्या नव्या गाड्यांत ती बंधनकारकच आहे. झाकणाला भोक पाडणं वेगळं आणि डॅशबोर्डच्या वरच्या भागात ड्रिल घालणं वेगळं. पिवळ्या रंगाच्या वायरी आणि जोडण्या दिसल्या तर तिथं हात लावायचा नाही आणि लावू द्यायचाही नाही. 'काही होत नाही बे' म्हणणारा मेकॅनिक असेल तर चावी घ्या आणि गाडी परत आणा. गाडीत बदल केला म्हणून आरटीओ पकडेल का, अशीही भीती काहींना वाटते. आरसीवर गाडीची जी माहिती नोंदवलेली असते तिच्याशी न जुळणारा बदल करायला कायद्याची मनाई आहे. कप्प्याच्या कुलपाची नोंद आरसीवर कुठंच नसते.

लॉकबरोबर दोन किल्ल्या येतात. एक गाडीच्या चावीच्या जुडग्यात लावू नका. सर्व्हिसिंगला गाडी देताना जुडगा तसाच जातो आणि मग कुलूप असून नसल्यासारखं. आमच्याकडे एक बाबांच्या पाकिटात असते, दुसरी आईच्या मसाल्याच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगलेली. परवा बाबा गाडी धुवायला निघाले तेव्हा आधी कप्पा पूर्ण रिकामा केला, मग रिकाम्या कप्प्याला कुलूप लावलं. मी म्हटलं, आत काहीच नाही तर कुलूप कशाला? ते म्हणाले, "असू दे," आणि किल्ली पाकिटात टाकून निघून गेले.